फणसाच्या बागेतल्या दोन ओळी

दोन हजार पंचवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा, तू अडुसष्टची. चौकातल्या मंडळानं तुझा फ्लेक्स लावलाय. शिरोळच्या लग्नातला तुझा तो मोतिया साडीतला फोटो, आणि मागं ढग. खाली लिहिलंय, प्रेमळ, मनमिळाऊ, धार्मिक. धार्मिक कुठनं आणलं कुणाला ठाऊक. तू देवापुढं बसलीस की पाच मिनिटांत उठायचीस आणि म्हणायचीस, "देवाला बी कामं असत्यात."

मंडळाचा अध्यक्ष आला होता. "तात्या, काकींच्या बाराव्याला चार ओळी छापून वाटूया. आमी लिवतो. तुमी फकस्त माहिती सांगा."

मी म्हटलं, "मी लिवणार."

"तुमी?"

"व्हय, मी. चौथी शिकलोय. मराठी येतंय मला. हळू येतंय, पण येतंय."

तर हे तुला लिहितोय. चार ओळींत मावणार नाही. लोक वाचणार आहेत तेही ठाऊक आहे. वाचूद्यात.

तू रविवारी सकाळी गेलीस. शनिवार दुपारपासून आपण एकमेकांशी बोलत नव्हतो. हे कुणालाच माहीत नाही. भेटायला येणारा जो तो म्हणतो, काय जोडा होता, कधी भांडणाचा आवाज आला नाही. आवाज कुठनं येणार? आपण भांडलो की गप्प बसायचो. तू भांडी जरा जोरात ठेवायचीस आणि मी रेडिओ मोठा करायचो, झालं. दोन दिवसांनी तूच कायतरी चेष्टा करायचीस आणि मी नाइलाजानं हसल्यासारखं करायचो. मी आधी बोललो असं एकदाही झालं नाही. मी आठवून बघितलं. तीन दिवस तेवढंच करतोय. एकदाही नाही.

कशावरनं भांडलो ते सांगायच्या आधी चष्म्याचं सांगायला पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला कळायचं नाही.

आपल्या लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील. कोल्हापुरात टीव्ही तेव्हा नवेच होते. त्याआधी माझं रेडिओवर चाललं होतं, आणि रेडिओला इंग्रजी लागत नाही. आतल्या बारक्या भागांवरच्या रंगाच्या पट्ट्या बघायच्या, कान लावायचा, बोटानं चाचपायचं. एक मास्तर टीव्ही घेऊन आले, बरोबर घडी घातलेला मोठा कागद. म्हणाले, "यात सगळं लिहिलंय बघा, वाचा की." मी कागद धरला. उलटा धरला होता की सुलटा, ते मला अजून ठाऊक नाही. मास्तर माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात तू आतनं आलीस, हाताला पीठ. "अवो, चष्मा आतच ऱ्हायलाय तुमचा. द्या हिकडं, मी वाचते."

मला तेव्हा चष्मा नव्हता गं. माझे डोळे घारीसारखे होते.

पुढच्या महिन्यात तू जोतिबाच्या यात्रेतनं बिननंबराचा चष्मा आणलास आणि दुकानातल्या खिळ्याला अडकवलास. म्हणालीस, "लोकास्नी दिसाय नको व्हय?" तेव्हापासनं चाळीस वर्षं झाली. टीव्ही गेले, टेप गेले, मोबाईल आले, लॅपटॉप आले. दुकानात कुणी इंग्रजी कागद पुढं केला, की मी खिसे चाचपायचो आणि म्हणायचो, "चष्मा घरात राहिला." दुकानाच्या मागंच घर. दहा पावलं. पण कुणी म्हणालं नाही की जावा की मग, घेऊन या. तू डाव्या बाजूच्या स्टुलावर बसून वाचायला लागलेली असायचीस. तू वाचायचीस, मी हात चालवायचो. गिऱ्हाईक माझ्या पाया पडून जायचं.

दहावी पास होतीस तू. तेव्हाची दहावी. एकदा मला शिकवायला म्हणून पाटी आणलीस. एक दिवस बसलो. दुसऱ्या दिवशी मी त्या पाटीवर स्क्रू ठेवायला लागलो. "मला काय शाळंत जायाचं हाय?" म्हणालो. ती पाटी अजून टेबलावर आहे, स्क्रू ठेवायलाच.

लॅपटॉपच्या चिपा आल्या तेव्हा मात्र मी अडलो. चिपेत काय लिहिलंय ते कॉम्प्युटरवर दिसतं, पण ते अर्धं आकड्यात आणि अर्धं इंग्रजी अक्षरात. आकडे मला येतात. अक्षरं एवढी सहाच लागतात, ए पासनं एफ पर्यंत. तू आत वाटाणे सोलत मोबाईलवर हिंदीतले दुरुस्तीचे व्हिडिओ बघायचीस, त्यातनं तुला हे सगळं कळलेलं. मला म्हणालीस, "सहा अक्षरं काय अवघड हायत व्हय? ह्यो आंबा. ह्यो बटाटा. ह्ये सीताफळ, ह्ये डाळिंब. हे इडलिंबू. आन् ह्यो शेवटचा फणस." आणि बोट धरून एकेक बटण दाखवलंस. तेवढी मात्र मी शिकलो, कारण त्याला शाळा म्हणत नाहीत. तू ओरडायचीस, "तीन आंबा, शून्य फणस, डाळिंब सात," आणि मी दाबत जायचो. गिऱ्हाईक बिचकायचं. एकानं विचारलं होतं, "तात्या, हे लॅपटॉपचं दुकान हाय का मंडई?"

इंग्रजीची सहा अक्षरं मला येतात. सातवं येत नाही.

आता कोडोलीची पोरगी.

प्रणाली त्या आठवड्यात बुधवारी आली. तो जाड लॅपटॉप, गेम खेळायचा. किबोर्डच्या बटणांखाली रंगीत लाईट असते त्यातला. तिनं कुठनं तरी रंग बदलायचं सॉफ्टवेअर घेतलं, ते चालू असताना मधेच बॅटरी संपली, आणि किबोर्ड काळा झाला तो झालाच. वर लॅपटॉप सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं लागायला लागली, खेळताना मधेच अडकायला लागला. मोठ्या दुकानात सांगितलं, सगळा बोर्डच बदला. मग ती आपल्याकडं आली.

तू तिला विचारलंस, "काय करतीस गं यावर?"

"गेम खेळते आजी. आणि लोक बघतात."

"तू खेळतीयास त्ये बघत्यात?"

"व्हय."

"आणि तू काय करतीस?"

"खेळता खेळता बोलते त्यांच्याशी."

"मग बरं हाय की. मी चाळीस वरीस हितं बोलतीया, कोण बघतंय?" आणि माझ्याकडं बघून हसलीस. मी हसलो नाही. गिऱ्हाइकासमोर मी हसत नसतो.

लॅपटॉप उघडला. मी सगळीकडं मीटर लावला. करंट येत होता, काही तापत नव्हतं, काही जळालेलं नव्हतं. मी म्हटलं, लाईटची चिप गेली, बदलायची. मला बदलणं कळतं. जुनं काढायचं, नवं बसवायचं. तू भिंग घेऊन वाकलीस आणि म्हणालीस, "चिप जित्ती हाय. तिच्या शेजारची ही आठ पायांची बघा. ही तिची पाटी. हिच्यावर लिवलेलं वाचूनच ती लाईट लावती. लिवलेलं पुसलंय. ती इसरलीया."

"चिप इसरतीय व्हय?"

"मानूस इसरतोय, मग चिपंला काय धाड भरलीया?"

प्रणालीच्या मैत्रिणीकडं असलाच लॅपटॉप होता. शुक्रवारी ती मैत्रीण तो घेऊन आली. त्याच्या पाटीला आपण कॉम्प्युटरला जोडलेला वायरीचा चिमटा लावला, त्यावरचं सगळं आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, आणि तिचा लॅपटॉप तिला परत दिला. मग हिच्या पाटीला चिमटा लावला. तू वाचायला लागलीस. "फणस फणस, फणस फणस, फणस फणस." पुसलेल्या जागी सगळे फणसच दिसतात. तू वाचत राहिलीस आणि मग हसायला लागलीस. "बागच लागलीया की हो फणसाची." मी पण हसलो. तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. तुझ्यासमोर हसलो ते शेवटचं बहुतेक. मग तू एकदम थांबलीस. "थांबा. हितं पार शेवटाला दोन ओळी शाबूत हायत."

"असू देत."

"असू देत कसं? ह्या तिच्या सवताच्या असत्याल. किबोर्ड कसला, लाईट कुटं, ह्ये त्यात असंल. आदी ह्ये वाचून ठेवूया. फाईल करूया. मग मैत्रिणीचं लिवूया."

मी म्हटलं, "मैत्रिणीचं चांगलं हाय की समदं. सडकं कशाला जपायचं?"

"सडकं न्हवं. ऱ्हायलेलं हाय."

"जेवायला वाढ," मी म्हटलं. तिथंच ते राहिलं. जेवून मी आडवा झालो. तू टेबलाशी बसून वहीत कायतरी लिहीत होतीस. बाजाराची यादी असंल असं मला वाटलं.

शनिवारी दुपारी प्रणाली आली. झालं का आजोबा म्हणाली. मी म्हटलं, बस, तुझ्यासमोर करतो. तू म्हणालीस, "अवो, त्या दोन ओळींचं अजून—"

आणि मी म्हणालो. ते मला इथं लिहायलाच पाहिजे, कारण फ्लेक्सवर नाही. मी म्हणालो, "तुला काय कळतंय? चहा ठेव जा."

प्रणालीनं मान खाली घातली. तू उठलीस. पदर खोचलास आणि आत गेलीस. वाचायला कुणी नव्हतं. मी चिमटा लावून मैत्रिणीची फाईल भरायला घेतली, तर समोर चौकोन आलेला, त्यात कायतरी लिहिलेलं, खाली दोन बटणं. मला आठवत होतं की तू नेहमी डावीकडचं दाबायला सांगतेस. मी डावीकडचं दाबलं. पोरगी बघत होती ना. चाळीस वर्षं लोक बघत होते तसंच.

लाईट लागली नाही. मैत्रिणीच्या किबोर्डात चार पट्ट्यांत लाईट होती, हिच्यात एकेका बटणाखाली वेगळी. वरून दोन्ही सारखेच. तू म्हणत होतीस ते त्या दोन ओळींतच होतं, आणि मी तिथं दुसऱ्याचं लिहिलं होतं.

तू तीन कप घेऊन बाहेर आलीस. एक नजर टाकलीस आणि तुला कळलं मी काय दाबलं ते. तू गिऱ्हाइकासमोर बोलू शकली असतीस. चाळीस वर्षांत कधीही बोलू शकली असतीस. तू प्रणालीच्या हातात कप दिलास आणि म्हणालीस, "आलं जास्त पडलंय काय बघ." मी तिला सांगितलं, चिपच गेलीय, नवीन मागवतो. खोटं बोललो. तू ऐकत होतीस.

मग गप्प. शनिवारची दुपार, संध्याकाळ, जेवण. भांडी जोरात वाजली नाहीत. मी रेडिओ लावला नाही. या वेळचं गप्प बसणं वेगळं होतं, आणि ते मला कळत होतं. पण आपण आधी बोलायचं म्हणजे कसं बोलायचं, ते मला येत नव्हतं. खरं सांगतो, येत नव्हतं.

रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटण आणायला निघालो. पायात चपला घालत होतो. तू स्वयंपाकघरातनं हाक मारलीस, "अवो, चष्मा घेतलासा का?"

तुझी चेष्टा होती ती. तूच आधी बोललीस, नेहमीसारखी. मला हसू आलं होतं. शपथेवर सांगतो, ओठापर्यंत आलं होतं. पण मी म्हटलं, एवढ्यात नको, आल्यावर बोलू. आणि उत्तर न देता गेलो.

आल्यावर तू खाली पडलेली. खोबरं भाजून ताटलीत काढलेलं होतं. गॅस बंद केलेला होता. तो तेवढा कसा बंद केलास गं? छातीत कळ आली असेल, आणि तू आधी गॅस बंद केलास. डॉक्टर म्हणाले, काही करता आलं नसतं. मी तुला हलवत होतो आणि म्हणत होतो, घेतला, घेतला चष्मा. शेजारच्या बायकांना वाटलं माझं डोकं फिरलं.

मंगळवारी पंचगंगेवर रक्षाविसर्जन झालं. शिरोळचा तुझा भाऊ, वसंता, सगळं करत होता. आपल्याला पोरबाळ नाही, त्यानंच सगळं केलं. लोक येत होते, हात जोडत होते. प्रणाली पण आली होती. पांढरा ड्रेस घालून, एकटीच, पार मागं उभी. घरी आल्यावर वसंता म्हणाला, "दाजी, दुकान बंद करा आता. शिरोळला चला माझ्यासंगं. तुमच्यासारखा हुशार मानूस हितं एकटा कशाला कुजत बसणार?" हुशार. त्याला पण ठाऊक नाही. सख्ख्या भावाला सुद्धा तू सांगितलं नाहीस.

प्रणाली दारात आली. "आजोबा, लॅपटॉपचं ऱ्हाऊ दे. मी तसाच घेऊन जाते. लाईटीवाचून काय अडत न्हाय."

मला राग आला. तिचा नाही, कुणाचा ते कळेना. दुकानात गेलो, तिचा लॅपटॉप उचलला. खाली तुझी वही होती. बाजाराची.

उघडली. कांदे, लसूण, गॅसवाल्याला फोन. पुढच्या पानावर तुझं ते टपोरं अक्षर.

*कोडोली. ह्या दोन ओळी तिच्या स्वतःच्या. हे पुसायचं नाही. पुसलं तर परत ह्याच भरायच्या, मैत्रिणीच्या शेवटच्या दोन ओळींच्या जागी.*

आणि खाली सगळं मराठीत. शून्य चार, आंबा एक, फणस शून्य, बटाटा सात. दोन ओळी म्हणालीस, पण पानभर झालं होतं. एकेक फळ पूर्ण लिहिलेलं. इंग्रजीत लिहिलं असतंस तर चार बोटांत झालं असतं. तू मराठीत का लिहिलंस ते मला कळायला फार वेळ लागला नाही. शुक्रवारी दुपारी, मी घोरत होतो तेव्हा तू ते लिहीत होतीस. मी पुसणार हे तुला माहीत होतं. मी पुसल्यावर मला एकट्याला वाचता यावं म्हणून. म्हणजे शनिवारी तू चहा ठेवायला गेलीस तेव्हा सुद्धा तुला ठाऊक होतं की वही आहे. रात्रभर मी पश्चात्तापानं कुशी बदलतोय तेव्हाही ठाऊक होतं. मी विचारायची वाट बघत होतीस. एक शब्द विचारला असता तर तू वही पुढं केली असतीस.

मी नाही विचारलं.

बाहेर येऊन प्रणालीला म्हटलं, "उद्या सकाळी ये. हुईल."

ती गेली. वसंता आत झोपला. मी दुकानात बसलो. कॉम्प्युटर लावला. वही समोर, सहा अक्षरं ठाऊक, आकडे ठाऊक. मैत्रिणीची ती फाईल कुठं आहे ते चित्रावरनं सापडलं. उघडली. पण शेवट कुठला, भरल्यावर काय दाबायचं, ते सगळं इंग्रजीत. परत तसाच चौकोन आला. दोन बटणं. बोट डावीकडच्यावर नेलं. आणि परत खाली घेतलं. या बोटानं एकदा पुसलंय. आता पुसलं तर वही आहे म्हणून काय झालं, माझं मलाच सहन होणार नव्हतं.

वसंता बी.ए. झालेला आहे. दहा पावलांवर झोपला होता. दारापर्यंत गेलो आणि परत आलो. खिळ्यावरचा चष्मा काढला. घातला. त्यातनं सगळं तेच दिसत होतं. बिननंबराच्या काचेतनं आणि काय दिसणार? चाळीस वर्षांत तो मी खराखुरा कधी घातलाच नव्हता.

आणि तेव्हा मला पहिल्यांदा असं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते लिहितो. तू मला झाकलंस असं मी कायम धरून चाललो होतो. तुझे उपकार मानायचो सुद्धा मनातल्या मनात. पण मला झाकता झाकता तूच झाकली गेलीस. लोक म्हणायचे, तात्याचा हात. तात्याचं डोकं. डोकं माझ्या डावीकडं स्टुलावर बसलेलं होतं आणि मी त्याला चहा ठेवायला लावत होतो. तुझ्या फ्लेक्सवर प्रेमळ लिहिलंय. चिप जिवंत आहे का मेली हे नुसतं बघून सांगणारी बाई होती, असं कुणी लिहिलं नाही. कारण ते मीच कुणाला कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठलाच दुकान उघडलं. सुतकात उघडलं, लोक काय म्हणायचं ते म्हणूद्यात. तुझं स्टूल पुसलं. साडेनवाला प्रणाली आली आणि उभीच राहिली. म्हटलं, "बस त्याच्यावर."

"आजींच्या जागी?"

"बस. तुला वाचायचं हाय."

"चष्मा ऱ्हायला काय आजोबा? आत हाय का? आणू?"

चाळीस वर्षांत पहिलीच निघाली, आणू म्हणणारी. वसंता दात घासत दारात उभा होता. मी चष्मा खिळ्यावरनं काढला आणि तिच्या हातात दिला. "बघ घालून. नंबरच न्हाय त्यात. मला इंग्रजी वाचता येत न्हाय, पोरी. कधीच येत नव्हतं. ती वाचायची, मी नुसतं दाबायचो. शनिवारी ती शेजारी न्हवती तरी दाबलं, म्हणून तुझी लाईट गेली. चिप न्हाय गेली. मी खोटं बोललो."

वसंताच्या तोंडातला ब्रश थांबला. पोरगी चष्मा हातात धरून बसली. मग म्हणाली, "बरं. काय वाचू, सांगा."

एवढंच होतं गं. एवढंच होतं ते, आणि मी त्याला चाळीस वर्षं घाबरलो.

तिला फाईलचा शेवट सापडला. मी तिला फळं सांगितली, कुठलं फळ म्हणजे कुठलं अक्षर. ती हसली आणि मग डोळे पुसायला लागली. मी वही उघडली आणि वाचायला लागलो. शून्य चार. आंबा एक. फणस शून्य. बटाटा सात. दुकानात मी कधी मोठ्यानं काही वाचलं नव्हतं. तुझं अक्षर होतं म्हणून अडलो नाही. इडलिंबाशी एकदा थांबलो, पाणी प्यालो, परत वाचलं. ती दाबत होती. दोन ओळी संपायला दहा मिनिटं लागली. मग तिनं उलट वाचून दाखवलं आणि मी वहीवर बोट ठेवून जुळवलं.

ती म्हणाली, "आजोबा, जुन्या फाईलवर नको. वेगळ्या नावानं ठेवूया. म्हणजे काय झालं तर आधीची राहील."

शुक्रवारी तू हेच म्हणत होतीस. मी म्हटलं, "ठेव."

"नाव काय देऊ?"

मी तुला कधी नावानं हाक मारली नाही. आपल्याकडं मारत नाहीत. अगं, ऐकलंस का, यातच सगळं गेलं. उखाण्यात एकदा घेतलं होतं लग्नात, ते सुद्धा लोकांनी धरून घ्यायला लावलं म्हणून. फ्लेक्सवर ते मोठ्या अक्षरात आहे, अख्ख्या चौकात येणारा-जाणारा वाचतोय, आणि मी मात्र खाली मान घालून तिथनं जातो.

"शालन," मी म्हटलं.

"काय?"

"शालन. तिचं नाव. त्या फाईलला दे."

वसंता तोंड धुवायला म्हणून आत गेला तो बराच वेळ आला नाही.

प्रणालीनं पाटीला चिमटा लावला. चौकोन आला. मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं, "आधीचं सगळं पुसलं जाईल, पुढं जायचं का, असं विचारतंय. डावीकडं हो आहे, उजवीकडं नको." त्या चौकोनात एवढंच असायचं होय. मी म्हटलं, "दाब हो."

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची पट्टी भरायला लागली. दोन मिनिटं लागतात तिला. तिथं उभं राहून बघायचं माझ्यानं होईना. मी उठलो, आत गेलो आणि चहा ठेवला. साखरेचा डबा कुठं ठेवतेस ते मला माहीत नव्हतं. तो मिठाच्या मागं सापडला. आलं ठेचलं. जास्त पडलं.

बाहेरनं पोरगी ओरडली, "आजोबा! लागली! सगळी लागली! या की बघायला!" मग वसंताची हाक आली, "दाजी, अवो दाजी!"

मी गेलो नाही. उकळी येत होती. चहा गाळला, गॅस बंद केला, बंद झालाय का ते वाकून बघितलं, आणि मग ताटली दोन्ही हातांत धरून बाहेर आलो. तिघांसाठी चार कप भरले होते.